दुसऱ्या टोकाला कोण आहे? नाशिकच्या मुलांना जगाचं नागरिकत्व शिकवण्याची एक रीत

'जागतिक बंधुता' म्हटलं की शाळांचा कार्यक्रम ठरलेला असतो. दहा देशांचे झेंडे, क्रेप कागदाचे पोशाख, पाहुण्यांचं भाषण, शेवटी समूहगीत. पालक फोटो काढतात. घरी जाताना तीच मुलं रिक्षावाल्याला 'ए भैय्या' म्हणून हाका मारतात आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. झेंडे ओळखता येणं वाईट नाही, पण त्याचा नागरिकत्वाशी फारसा संबंध नाही.

खाली दिलेली रीत एका प्रश्नावर उभी आहे. मुलाच्या हातातली, घरातली, गावातली कुठलीही गोष्ट घ्यायची आणि विचारायचं: या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? मुलं हा प्रश्न आपणहून विचारू लागली की निम्मं काम झालं. आपलं नाशिक यासाठी फार सोयीचं गाव आहे. इथली द्राक्षं युरोपात जातात, कांदा ढाक्यात शिजतो, नदी बंगालच्या उपसागराला मिळते आणि देशाचे पासपोर्ट नाशिकरोडला छापले जातात. बाहेरून उदाहरणं आणायची गरजच पडत नाही.

गट जमवणं

वय साधारण बारा ते सोळा. मुलं आठ ते पंधरा. त्याहून जास्त झाली की निम्मी नुसती बसून राहतात. दर पंधरा दिवसांनी शनिवारी दोन तास पुरतात. सोसायटीचा हॉल, वाचनालयाची खोली, कुणाची गच्ची, काहीही चालेल. सामान म्हणजे ब्राऊन पेपर, स्केचपेन, एक चांगला नकाशासंग्रह, स्टीलची घागर आणि काही पेले.

मुलं कुठून येतात ही खरी अडचण आहे. गंगापूर रोडवरच्या एकाच इंग्रजी शाळेतली दहा मुलं घेऊन जगाची चर्चा केली, तर ती गंगापूर रोडचीच चर्चा होते. गटात महापालिकेच्या शाळेतली मुलं हवीत, पेठ-सुरगाण्याकडून आदिवासी वसतिगृहात शिकायला आलेलं कुणी हवं, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतलं कुणी हवं. यासाठी मुख्याध्यापकांना आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना प्रत्यक्ष जाऊन भेटा. फोनवर हे काम होत नाही. बैठकीची जागा फिरती ठेवा. एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. नाहीतर एक बाजू कायम यजमान आणि दुसरी कायम पाहुणी राहते, आणि मुलांना ते लगेच कळतं.

पालकांची लेखी परवानगी घ्या. बाहेर नेताना दोन मोठी माणसं सोबत हवीत, त्यातली एक बाई. हिंदी बोलणारं मूल असेल तर त्याला हिंदीत बोलू द्या.

पहिल्याच बैठकीत मुलांना एक माहिती जरूर द्या. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार मंजूर केला, भारत त्यात १९९२ साली सामील झाला, आणि त्याच्या बाराव्या कलमानुसार मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांचं मत ऐकून घ्यावं लागतं. मग लगेच विचारा, या बैठकीचे नियम काय असावेत? पहिला नियम बहुतेक गटांत 'मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही' हाच निघतो. तो मान्य करा आणि पाळा.

द्राक्षाचा माग

आधी द्राक्षाचं सांगतो. ही सहल फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवा, म्हणजे बागेत माल असतो. दिंडोरी, पिंपळगाव किंवा निफाडकडे निर्यात करणारा ओळखीचा बागायतदार गाठा. मुलांना द्राक्षं खायला मिळतील, ते मिळू द्या. पण जायचं ते फवारणीची वही बघायला.

ही वही मुलांच्या हातात द्या आणि वाचू द्या. तारीख, औषधाचं नाव, लिटरला प्रमाण, कोणत्या रोग-किडीसाठी, आणि काढणीच्या किती दिवस आधी ते बंद करायचं. डाऊनी, भुरी हे रोग आणि उडद्या ही कीड, असे शब्द कोपऱ्याकोपऱ्यात लिहिलेले असतात. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी झालेली असते, प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेतो, औषधांचे अंश मर्यादेत असल्याचा अहवाल आला की मगच माल कंटेनरमध्ये चढतो. मुलांना विचारा, एवढी उठाठेव कुणासाठी? उत्तर येतं, युरोपातल्या लोकांसाठी.

इथे त्यांना २०१० सालची गोष्ट सांगा. त्या वर्षी भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकून पडले. बागायतदार त्याला 'सीसीसी' म्हणतात. वेलीच्या पानाफांद्यांची वाढ रोखण्यासाठी ते वापरलं जायचं. कित्येक शेतकऱ्यांचं वर्ष बुडालं. तपासणीची शिस्त त्यानंतर आणखी आवळली गेली. म्हणजे हॉलंडातल्या रॉटरडॅम बंदराच्या पलीकडे द्राक्षं खाणाऱ्या माणसाने निफाडच्या फवारणीचं वेळापत्रक बदललं. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही.

आता पुढचे दोन प्रश्न. ते विचारल्याशिवाय ही सहल संपवू नका.

एक: भद्रकालीच्या हातगाडीवर जी द्राक्षं आपण घेतो, त्यांचा अहवाल कोण बघतं? दोन: हे औषध फवारताना ब्लोअरवर कोण बसलं होतं आणि त्याच्या तोंडावर काय होतं? बागेत छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. परवानगी मिळाली तर त्यांच्याशीही बोला. एक टोक हॉलंडात सापडलं म्हणून मुलं खूश असतात. दुसरं टोक याच बागेच्या बांधावर असतं, आणि तिथे ती गप्प होतात. त्यांना गप्प राहू द्या, लगेच समजावून सांगायला जाऊ नका. बागायतदाराला अपराधी ठरवायलाही आपण गेलेलो नाही. त्याच्या डोक्यावर बँक आहे, अवकाळी आहे आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबडा समुद्रही आहे. तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडं वाढलं. द्राक्ष हा काही थांबणारा माल नाही. पश्चिम आशियातल्या युद्धाची बातमी पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये का वाचतात, हे नकाशावर बोट फिरवून दाखवा.

परत आल्यावर ब्राऊन पेपरवर सगळा माग काढा. प्रत्येक टप्प्यावर माणूस हवा. 'ट्रान्सपोर्ट' असं लिहिलेलं चालणार नाही. ट्रक कोण चालवतं ते लिहायचं.

कांद्याची भांडणं

द्राक्षात मुलं फक्त बघतात. कांद्यात त्यांना भांडायला लावा. पाच चिठ्ठ्या करा: निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक, लासलगावचा व्यापारी, मुंबईत दोन खोल्यांत राहणारी गृहिणी, दिल्लीतला मंत्रालयाचा अधिकारी आणि ढाक्यातला सायकलरिक्षावाला. प्रसंग खराच घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यात बंद केली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. २०१९ च्या बंदीनंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्यांनी भर सभेत हसत हसत तक्रार केली, की स्वयंपाक्याला आता कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, पुढच्या वेळी जरा आधी कळवत जा. ही गोष्ट सांगितली की मुलं हसतात आणि ढाका एकदम जवळ येतं.

प्रत्येकाला दोन मिनिटं. मग चिठ्ठ्या बदला. मघाशी शेतकरी होता तो आता गृहिणी, व्यापारी होता तो रिक्षावाला. नियम एवढाच की नव्या भूमिकेत पहिल्यापेक्षा कमी जोराने भांडायचं नाही. नाशिकच्या घरांत कांद्याचा विषय निघाला की एकच बाजू ऐकायला मिळते, आणि तीत तथ्यही आहे. भाव पडला की साठवणीच्या चाळीतला कांदा सडतो, वाहतुकीचे पैसेही निघत नाहीत. पण मुंबईतल्या त्या बाईचं महिन्याचं गणित याच मुलांनी मांडून दाखवायचं आहे.

शेवटी फळ्यावर दोनच रकाने. निर्णयाचा परिणाम कुणावर झाला? निर्णयाआधी कुणाला विचारलं होतं? ढाक्याच्या रिक्षावाल्याचं नाव दुसऱ्या रकान्यात कधीच येत नाही. निफाडच्या शेतकऱ्याचं येतं का, यावर मुलं वाद घालतील. घालू द्या.

घागर आणि पेले

या सगळ्या रीतीत माझा सगळ्यात लाडका भाग पाण्याचा आहे, म्हणून इथे जास्त जागा घेतो. एखादीच बैठक घेणं शक्य असेल, तर हीच घ्या.

आधी नकाशा. गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १४६५ किलोमीटर वाहत जाऊन आंध्रात राजमहेंद्रीच्या पुढे समुद्राला मिळते. आपण तिच्या अगदी डोक्यापाशी बसलोय. गंगापूर धरणातून शहराला पाणी येतं. खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, मग पैठणचं जायकवाडी, नांदेड, तेलंगणा.

मग कायदा. समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आलं. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने ठरलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. दुष्काळाच्या वर्षी यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असं रान पेटतं; २०२३ मध्येही पेटलं होतं. मुलांनी घरी हे ऐकलेलं असतं, 'आमचं पाणी पळवलं' या एका वाक्यात.

आता खेळ. घागरीत दहा पेले पाणी मावतं असं धरा, पण यंदा पाऊस कमी, म्हणून सहाच पेले भरा. सहा मुलं ओळीने बसवा: नाशिक शहर, सिन्नर-निफाडची शेती, नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी, पैठणची शेती, छत्रपती संभाजीनगर शहर, आणि शेवटी राजमहेंद्रीचा कोळी. प्रत्येकाची गरज दोन पेले. पहिल्या फेरीत नियम काहीच नाही. वरून खाली ज्याला जेवढं हवं तेवढं घ्यावं.

आमच्या एका बैठकीत 'नाशिक' झालेल्या मुलाने दोन पेले काठोकाठ भरले, मग जरा विचार करून तिसराही भरला आणि पाठीमागे ठेवला. 'पुढच्या उन्हाळ्यासाठी', असं म्हणाला. घागर पक्ष्यांपर्यंत पोचली तेव्हा तळाशी दोन बोटं पाणी होतं. पैठणच्या जागी बसलेल्या मुलीने घागर तिरकी करून आत पाहिलं आणि काही न बोलता पुढे सरकवली. तिचे आजोळचे लोक संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्यातले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

दुसऱ्या फेरीत जागा बदला. ज्याने तिसरा पेला लपवला त्याला राजमहेंद्रीला बसवा.

तिसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची. आधी सगळ्यांनी मिळून वाटपाचे नियम लिहायचे, आणि जागा त्यानंतर चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. आपल्या वाट्याला कुठली जागा येणार हे माहीत नसताना मुलं जे नियम लिहितात ते वाचण्यासारखे असतात. पिण्याचं पाणी आधी, मग पिकं. साठवून ठेवायचं असेल तर सांगून ठेवा. मोजणारा माणूस तिसऱ्या गावचा हवा. पक्ष्यांसाठी भांडणारं कुणी ना कुणी निघतंच. नसेल तर सांगा की नांदूर मध्यमेश्वरला जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावात झालेल्या, पाणथळ जागा जपण्याच्या कराराचं नाव निफाड तालुक्यातल्या पाटीवर आहे, आणि तिथे हिवाळ्यात उतरणारी तलवार बदकं, थापटे हे पाहुणे हिमालयापलीकडून येतात.

हे झाल्यावरच नाईल नदी काढा, त्याआधी नको. इथिओपियाने निळ्या नाईलवर प्रचंड धरण बांधलं. त्यांच्याकडे असंख्य घरांत वीज नाही. इजिप्तचं जवळजवळ सगळं पाणी नाईलचं. मध्ये सुदान. नाशिकची मुलं झटकन इथिओपियाची बाजू घेतात, कारण तेही वरचे आणि आपणही वरचे. मग त्यांना त्यांचेच तिसऱ्या फेरीचे नियम वाचून दाखवा. पुस्तकातला आंतरराष्ट्रीय पाणीतंटा त्यांना आता परका वाटत नाही.

पांडवलेणी आणि काळाराम, एकाच दिवशी

सकाळी आठच्या आत पांडवलेणी चढा, ऊन चढलं की मुलांचं लक्ष पाण्याच्या बाटलीवर जातं. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. सगळी लेणी बघायचा हट्ट सोडा आणि सतरा क्रमांकाच्या लेण्यापाशी बसा. तिथल्या ब्राह्मी लेखात दान देणारा स्वतःची ओळख सांगतो: धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडच्या दातामितीचा यवन. म्हणजे ग्रीक वंशाचा, लांबून आलेला माणूस. नाव इथलं, श्रद्धा इथली, आणि आपण मूळचे कुठले हे लपवण्याची त्याला गरज वाटली नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. मुलांना विचारा, आज बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या गावात असं कोरून ठेवावंसं वाटेल का?

दुपारी पंचवटीत काळाराम मंदिर. इथे दिवस उलटा फिरतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं नेटाने चालवला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. लेण्यात यवनाला जागा होती आणि इथे गावच्याच माणसाला नव्हती, एवढं मुलांसमोर ठेवा. मग एक प्रश्न घरी न्यायला द्या, उत्तर कुणाला सांगायचं नाही या अटीवर: आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा आहे का? यावर एखाद्या पालकाचा फोन येऊ शकतो. येऊ द्या.

तेच प्रश्न दोघांना

मुलांकडून परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला विचारायचे सात-आठ प्रश्न लिहून घ्या. पहिल्या रात्री कुठे झोपलात? पहिली मदत कुणी केली? कुठला शब्द आधी शिकलात? लोक कोणत्या नावाने हाक मारतात, आणि ते आवडतं का? घरची कोणती चव मिळत नाही? आजारी पडलात तेव्हा काय केलंत?

हेच प्रश्न दोघांना विचारायचे. एक, अंबडच्या कारखान्यातला किंवा इमारतीवर काम करणारा उत्तर प्रदेश-बिहारचा माणूस. दुसरा, जर्मनीत, आखातात किंवा अमेरिकेत असलेला घरातलाच दादा-ताई-काका. उत्तरं शेजारी शेजारी चिकटवा. ती इतकी सारखी निघतात की वेगळं काही बोलावं लागत नाही. मोठ्यांना मे २०२० आठवत असेल, मुंबई-आग्रा रोडने पोरं खांद्यावर घेऊन चालत निघालेले लोक. मुलं तेव्हा लहान होती, त्यांना सांगा.

शिस्त मात्र कडक ठेवा. मोबाईलवर चित्रण नाही, पगार आधी विचारायचा नाही, सुट्टीच्या दिवशीच जायचं, आणि चहा आपण पाजायचा. 'बिचारे' हा शब्द कुणी वापरला की थांबवा. कीव आली की बरोबरी संपते.

फोन

हे थोडक्यात, कारण मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात. घरच्या ग्रुपवर आलेला परदेशातल्या युद्धाचा किंवा दंगलीचा एखादा व्हिडिओ घ्या. त्यातली चौकट थांबवून चित्रशोध करा: हा आधी कधी, कुठे दिसला होता? पाट्यांवरची लिपी कुठली? बोलणाऱ्याची भाषा कुठली? खोटा निघाला तर पाठवणाऱ्या आत्याला ग्रुपवर न चिडवता वेगळं कसं सांगायचं, याचाही सराव घ्या. खरं तर तेच जास्त अवघड आहे.

एक काम तडीस नेणं

नुसत्या बैठका पुरत नाहीत, एखाद्या कामात हातही घालायचा. काम छोटं आणि जवळचं निवडा. नासर्डी नदी उत्तम, तिलाच नंदिनी म्हणतात. गोदावरीला मिळण्याआधी ती शहरातून येते आणि वाटेत काय काय गोळा करते ते नाकालाही कळतं. दोन पुलांमधला एक तुकडा घ्या. कुठून सांडपाणी येतं, कुठे राडारोडा टाकतात, याचे ठिकाणासह फोटो आणि तारखा. महापालिकेकडे लेखी तक्रार, पोच घ्यायची. उत्तर नाही आलं तर मोठ्यांपैकी एकाच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क दहा रुपये, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. मुलांनी मसुदा करावा, तुम्ही फक्त सही करा. एक दिवस हातमोजे घालून कचरा उचलण्याचे फोटो छान येतात, पण पुढच्या आठवड्यात तिथे पुन्हा कचरा असतो. पाठपुराव्याची फाईल कंटाळवाणी असते आणि नागरिकपणातलं बरंचसं काम याच जातीचं असतं.

पालक विचारतीलच

'जगाचं एवढं शिकवून मुलं देशाला विसरणार नाहीत ना?' हा प्रश्न चिडून विचारलेला नसतो, त्यामुळे चिडून उत्तर देऊ नका. राज्यघटनेचं कलम ५१ दाखवा: आंतरराष्ट्रीय शांतता वाढवणं, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य संबंध राखणं हे आपल्याच राज्यसंस्थेला दिलेलं मार्गदर्शक तत्त्व आहे. आणि कुणाचा तरी पासपोर्ट मागून घ्या. त्यातलं निवेदन पालकांनाच मोठ्याने वाचायला सांगा. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने, या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि गरज पडेल ती मदत आणि संरक्षण द्यावं, अशी विनंती जगातल्या सगळ्या संबंधितांना केलेली असते. ते पुस्तक नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेलं असतं. आपण दुसऱ्यांकडे जे मागतो ते त्यांच्या माणसाला द्यायची तयारी आहे का, एवढंच आम्ही शिकवतो, असं सांगा.

वेळापत्रक

वर्ष जूनपासून धरा. जून-जुलै गट जमवण्यात आणि फोनच्या बैठकीत जातात. ऑगस्ट-सप्टेंबर नासर्डीची पाहणी आणि तक्रार, पाणी चढलेलं असेल तर काठावर जायचं नाही. घागरीचा खेळ १५ ऑक्टोबरच्या आसपास. त्या दिवशीचा जायकवाडीचा साठा पेपरात असतो, तोच आकडा घ्या. नोव्हेंबरमध्ये दोन मुलाखती, दिवाळीला परदेशातला दादा घरी आला तर सोन्याहून पिवळं. डिसेंबर-जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर आणि कांदा. लासलगावचा लिलाव बघायचा तर आधी बाजार समितीत विचारून जा, सुट्ट्या आणि संप दोन्ही असतात. फेब्रुवारीत द्राक्षं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेणी आणि काळाराम. परीक्षेच्या काळात काही ठेवू नका. २०२७ चं वर्ष सिंहस्थाचं, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरच्या बैठका आधीच उरकून घ्या; पर्वणीच्या दिवसांत पंचवटीकडची रहदारी बंद असते.